ठिकऱ्यांची साक्ष

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या पट्ट्यात लोकांनी आभाळात आगीच्या रेघा सरकताना पाहिल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणाला विमान पेटल्यासारखं वाटलं, मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली. पाठोपाठ त्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेत बसून त्या रेघांचा धनी सांगितला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या लाँग मार्च ३बी या चिनी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. रिंग त्यांनी पाहिलेली नव्हती. त्यांच्याजवळ नोंदवहीतली एक कक्षा होती, आणि ती त्या दिवशी, त्या वेळी, त्याच वाटेवर संपत होती.

लाडबोरीचे अवशेष निदान हाताला लागले. विमान कोसळतं तेव्हा तपास पथक शेतांतून, डोंगरांतून एकेक पत्रा गोळा करतं, हँगरच्या जमिनीवर तो विमानाच्या आकारात मांडतं, ब्लॅक बॉक्स उघडतं आणि वर्षभराने का होईना, नेमकं काय तुटलं ते सांगतं. कक्षेत फुटलेल्या रॉकेटच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही. उपग्रह सोडून झाल्यावर रॉकेटचा शेवटचा टप्पा थोड्याच वेळात मुका होतो. बॅटरी संपते, रेडिओ बंद पडतो. त्यानंतर आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी कधी कित्येक वर्षांनी तो सहाशे-आठशे किलोमीटर उंचीवर फुटतो तेव्हा तिथे ना कॅमेरा असतो ना साक्षीदार. काल रडारवर जिथे एक ठिपका येत होता तिथे आज पन्नास येतात, आणि तपासाला सुरुवात एवढ्यावरच करायची असते. प्रत्येक तुकड्याबद्दल कळतं ते इतकंच, की अमुक क्षणी तो अमुक जागी होता. या तुटपुंज्या पुराव्यावरून स्फोट केव्हा झाला, कुठे झाला, किती जोराचा होता, नुसती टाकी उसवली की इंधन भडकलं, इथपर्यंत माणसं पोचली. ती पोचली म्हणून पुढची कित्येक रॉकेटं फुटली नाहीत. मला या विषयाने धरून ठेवलं ते या दुसऱ्या वाक्यामुळे.

पहिला स्फोट २९ जून १९६१ चा. थॉर-एबलस्टार या अमेरिकी रॉकेटने ट्रान्झिट ४ए हा दिशादर्शनाचा उपग्रह आणि त्याच्यासोबत दोन लहान उपग्रह वर नेले. उपग्रह सुटले आणि सुमारे सव्वा तासाने एबलस्टार टप्पा फुटला. स्पुटनिकला तेव्हा चार वर्षंही पुरी झाली नव्हती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मानवनिर्मित वस्तूंची संख्या त्या एका क्षणात कित्येक पटींनी वाढली. जवळजवळ तीनशे तुकड्यांची नोंद झाली. नऊशे-हजार किलोमीटर उंचीवर हवा नसल्यातच जमा असते, त्यामुळे त्यांतले बरेचसे तुकडे साठ वर्षांनंतरही फिरत आहेत. युरोपीय अवकाश संस्थेच्या मोजणीप्रमाणे तेव्हापासून आजवर कक्षेतल्या वस्तू फुटण्याच्या साडेसहाशेहून अधिक घटना घडल्या आहेत. त्यांत टकरी मोजक्याच. आज ज्याला आपण अवकाशातला कचरा म्हणतो त्याचा मोठा हिस्सा स्फोटांनी केलेला आहे, आणि स्फोटांत रॉकेटच्या वापरून टाकलेल्या टप्प्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता तुकडे साक्ष कशी देतात ते पाहू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या पुस्तकातल्या पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया हाच आहे.

फुटणारा टप्पा सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो. स्फोटाचा धक्का त्यापुढे किरकोळ: सेकंदाला दहा मीटर, पन्नास मीटर, फार तर दोन-तीनशे. म्हणून तुकडे चहूकडे उधळून नाहीसे होत नाहीत. ते जवळजवळ जुन्याच वाटेने, थोड्याशा बदललेल्या कक्षेत फिरत राहतात. शिवाय या नव्या कक्षांपैकी प्रत्येक कक्षा, स्फोट जिथे झाला त्या बिंदूतून जावीच लागते. तिथूनच तर ती सुरू झाली. आठशे किलोमीटर उंचीवरच्या वर्तुळाकार कक्षेत एखाद्या तुकड्याला पुढच्या दिशेने सेकंदाला दहा मीटरचा, म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटरचा धक्का बसला असं धरू. त्याच्या कक्षेची पलीकडची बाजू जवळपास ३८ किलोमीटरने वर उचलली जाते. एका फेरीला आधी १०१ मिनिटं लागत होती, त्यांत २४ सेकंदांची भर पडते. चोवीस सेकंद ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण दिवसाला चौदा फेऱ्या होतात, म्हणजे तो तुकडा रोज पाच-सहा मिनिटांनी मागे पडत जातो आणि अडीच आठवड्यांत एक आख्खी फेरी गमावून बसतो. निरनिराळे धक्के बसलेले शेकडो तुकडे असे मागेपुढे होत काही आठवड्यांत सगळी कक्षा भरून टाकतात. पुढे पृथ्वीच्या फुगीर पोटाच्या ओढीने त्यांच्या कक्षांची पातळीही एकमेकींपासून सरकू लागते, आणि काही वर्षांनी तुकड्यांचं एक कवचच पृथ्वीभोवती तयार होतं.

म्हणून तपासनीसाला घाई असते. पहिल्या काही दिवसांत मिळालेल्या कक्षा संगणकावर उलट्या चालवायच्या. काल, परवा, त्याच्या आदल्या दिवशी हे तुकडे कुठे होते ते काढत मागे जायचं. सुरुवातीला ते एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर दिसतात. मागे जाता जाता एका क्षणी सगळ्यांमधली अंतरं एकदम आकसतात, आणि त्या क्षणाच्या आणखी मागे गेलं की पुन्हा वाढू लागतात. तो आकसण्याचा क्षण म्हणजे स्फोटाची वेळ. चांगला विदा हाती असेल तर ती काही मिनिटांच्या आत बसते. वेळ मिळाली की जागा मिळते, जागा मिळाली की टप्पा तेव्हा उन्हात होता की पृथ्वीच्या सावलीत, विषुववृत्तावर होता की ध्रुवाजवळ, हे सगळं उलगडतं. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात आज दिसलेला ठिपका कालच्या कुठल्या ठिपक्याचा, ही जोडणी करताना दमछाक होते. एखाद्या स्फोटाच्या तुकड्यांचा आकडा महिनोन् महिने वाढताना दिसतो तो यामुळेच. वस्तू नव्याने फुटत नसते. ओळख पटलेल्या तुकड्यांची यादी लांबत असते.

दुसरं साधन म्हणजे जॉन गॅबर्ड यांचा आलेख. गॅबर्ड हे नोरॅड या अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त संरक्षण यंत्रणेत उपग्रहांच्या नोंदी पाहणारे गृहस्थ. आडव्या अक्षावर फेरीला लागणारा वेळ, उभ्या अक्षावर उंची. प्रत्येक तुकड्याचे दोन ठिपके मांडायचे, एक त्याच्या कक्षेतल्या सर्वांत उंच बिंदूचा आणि दुसरा, बरोबर त्याच्या खाली, सर्वांत सखल बिंदूचा. बस्स, एवढंच. पुढे धक्का बसलेल्या तुकड्याला फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून तो आलेखात उजवीकडे जातो. त्याचा उंच बिंदू चढतो, सखल बिंदू स्फोटाच्या उंचीवरच राहतो. मागे धक्का बसलेला तुकडा डावीकडे जातो. त्याचा उंच बिंदू स्फोटाच्या उंचीवर राहतो आणि सखल बिंदू खाली उतरतो. शे-दोनशे तुकडे मांडून झाले की एक आडवी रेघ आणि तिला छेदणारी एक तिरकी रेघ उमटते. फुली. फुलीचा मध्य जिथे, तिथे मूळ टप्पा होता.

ही फुली वाचायला शिकणं हा या पुस्तकातला मला सर्वांत आवडणारा भाग. दोन्ही बाहू सारखेच लांब असतील तर स्फोट सगळ्या दिशांना सारखा झाला. उजवा बाहू लांब आणि डावा आखूड असेल तर काहीतरी एका बाजूने फाटलं. मध्याजवळ ठिपके वरखाली पसरलेले दिसले तर तुकडे आकाशाकडे आणि जमिनीकडे फेकले गेले होते, कारण अशा धक्क्याने फेरीची वेळ फारशी बदलत नाही. फुलीच्या बाहूंची लांबी म्हणजे थेट धक्क्याचा वेग. दाबाने टाकी उसवली असेल तर तुकडे थोडे, मोठे आणि संथ असतात. इंधन भडकलं असेल तर ते खूप, लहान आणि वेगवान असतात. दिवस जातात तसा आलेखाचा आकारही बदलतो. डाव्या बाहूतल्या तुकड्यांचा सखल बिंदू हवेच्या थरात घासू लागतो, त्यांचे उंच बिंदू झपाट्याने खाली येतात आणि डावा बाहू दुमडत जातो. तो किती लवकर दुमडतो यावरून आणखी एक गोष्ट कळते. तुकडा पातळ पत्र्यासारखा किंवा फॉइलसारखा हलका असेल तर हवा त्याला लवकर थोपवते; इंजिनाचा घट्ट गोळा असेल तर तो वर्षानुवर्षं दाद देत नाही. म्हणजे ज्याला कुणी हात लावलेला नाही, ज्याचा फोटोही नाही, असा तुकडा टाकीच्या भिंतीचा असावा की यंत्राचा, याबद्दल त्याच्या पडण्याच्या वेगावरून तर्क करता येतो. मला यात विलक्षण काहीतरी वाटतं, आणि ते वाटणं लपवायचं मला कारण दिसत नाही.

मर्यादाही आहे. या उंचीवर रोजच्या नोंदीत येतात ते साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे. त्याखालच्यांसाठी मॅसॅच्युसेट्समधलं हेस्टॅक रडार किंवा कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन यांसारखी यंत्रं आकाशाच्या एका ठिकाणी टक लावून बसतात आणि किती तुकडे झोतातून गेले ते मोजतात. त्या तुकड्यांची मोजदाद होते, पण प्रत्येकाची स्वतंत्र कक्षा मिळत नाही.

या सगळ्या विद्येची पहिली मोठी कसोटी लागली ती डेल्टा रॉकेटवर. २८ डिसेंबर १९७३ रोजी नोआ-३ हा हवामान उपग्रह सोडणाऱ्या डेल्टाचा दुसरा टप्पा फुटला. उड्डाण त्याच्या सातच आठवडे आधीचं. मे १९७५ मध्ये लँडसॅट-१ चा टप्पा फुटला, तो उडून जवळपास तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोआ-४ चा. १९७६ मध्ये लँडसॅट-२ चा, तोही दोनदा, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. १९७७ मध्ये जपानच्या हिमावारीचा, चक्क उड्डाणाच्याच दिवशी. जानेवारी १९८१ मध्ये लँडसॅट-३ चा. सुट्या सुट्या पाहिल्या तर या दुर्दैवी घटना वाटतात. ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये डोनाल्ड केसलर आणि त्यांचे सहकारी त्या शेजारी शेजारी मांडून पाहत होते. केसलर यांचा १९७८ चा शोधनिबंध आज सगळ्यांना माहीत असतो: तुकडे उपग्रहांवर आदळून नवे तुकडे होतील आणि ही साखळी आपोआप चालू राहील, हे भाकीत. त्याच माणसाने त्याच काळात आहे तो कचरा कुठून येतो याचा हिशेब मांडला होता, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. नोंदींतल्या तुकड्यांचा मोठा वाटा एकाच बनावटीच्या टप्प्याकडे बोट दाखवत होता.

कारण टप्प्याच्या रचनेत होतं. डेल्टाच्या दुसऱ्या टप्प्यात दोन द्रवं असत, एक इंधन आणि दुसरं त्याला जाळणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड. ही दोन्ही एकमेकांना भेटली की ठिणगीची वाट न पाहता पेटतात. इंजिन अवकाशात हवं तेव्हा बंद-चालू करता यावं म्हणून हीच जोडी निवडलेली. वजन वाचवायला दोन्ही टाक्यांत एकच सामायिक भिंत. काम संपल्यावर तळाशी काही इंधन उरत असे. हे टप्पे बहुधा अशा कक्षांत सोडले जात, जिथे ऊन-सावलीचा फेरा दिवसातून चौदा वेळा त्यांना तापवे आणि थंड करी. उरलेल्या द्रवाचा दाब वाढे, मधली भिंत दमत जाई, आणि एके दिवशी ती फाटली की दोन्ही द्रवं एकत्र येत. कधी सात आठवडे लागत, कधी तीन वर्षं. १९७५ मध्ये उडालेला निम्बस-६ चा टप्पा तर मे १९९१ मध्ये, सोळा वर्षांनी फुटला.

उपाय इतका साधा निघाला की वाचताना थक्क व्हायला होतं. उपग्रह सोडून झाल्यावर इंजिन पुन्हा चालू करायचं आणि टाकीत उरलेलं सगळं जाळून टाकायचं. १९८१ पासून डेल्टाच्या चालकांनी हे सुरू केलं, आणि अशा रीतीने रिकाम्या केलेल्या टप्प्यांचं फुटणं बंद झालं. नवं यंत्र लागलं नाही, नवा धातू लागला नाही. लागली ती जबाबदारीची जाणीव, की काम संपल्यावरही ती वस्तू आपलीच आहे.

दुर्दैवाने प्रत्येक देशाने हा धडा स्वतःच्या स्फोटातून नव्याने घेतला. युरोपचा आला १३ नोव्हेंबर १९८६ रोजी. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सचा स्पॉट-१ घेऊन गेलेल्या एरियान रॉकेटचा तिसरा टप्पा फुटला आणि पाचशेच्या आसपास तुकडे नोंदले गेले. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २४ जुलै १९९६ रोजी सेरीझ हा पन्नास किलोचा फ्रेंच उपग्रह अचानक गटांगळ्या खाऊ लागला. त्याला स्थिर ठेवणारा सहा मीटर लांबीचा दांडा मध्येच कापला गेला होता. इंग्लंडमधल्या ज्या अभियंत्यांनी तो बांधला होता त्यांनी त्याच्या हालचालीवरून दांड्याचा भाग गेल्याचं ओळखलं, आणि नोंदी ताडून पाहिल्यावर सापडलं की त्या क्षणी एरियानचा एक तुकडा सेकंदाला सुमारे पंधरा किलोमीटर सापेक्ष वेगाने तिथून गेला होता. फ्रेंच उपग्रह नेणाऱ्या आणि दहा वर्षांपूर्वी फुटलेल्या रॉकेटचा तुकडा फ्रेंच उपग्रहालाच लागला. नोंदवहीतल्या दोन वस्तूंची टक्कर झाल्याचं सिद्ध झालेली ही पहिली घटना. ती सिद्ध करता आली ती तुकड्यांचा माग दहा वर्षं न कंटाळता ठेवला होता म्हणून.

सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटच्या वरच्या टप्प्याला जोडलेल्या छोट्या साहाय्यक मोटारी १९८४ पासून चाळीसहून अधिक वेळा फुटल्या. अमेरिकेच्या नोंदी आणि रशियन अभियंत्यांना असलेली यंत्राची माहिती समोरासमोर आली तेव्हाच त्यांचा उलगडा झाला. १९९६ मध्ये पेगॅसस रॉकेटचा शंभर किलोच्या आतबाहेरचा एक चिमुकला टप्पा फुटून सातशेहून अधिक तुकडे झाले, तेव्हा लहान वस्तूचा कचराही लहानच असेल ही समजूत मोडली. या दोन्ही घटनांना पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत.

आता आपल्याकडे येऊ. २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३ उडालं. त्याने भारताचा टीईएस, जर्मनीचा बर्ड आणि युरोपीय संस्थेचा प्रोबा असे तीन उपग्रह सोडले. पहिले दोन ५६८ किलोमीटर उंचीवर, आणि प्रोबासाठी चौथ्या टप्प्याने कक्षा थोडी वाढवूनही दाखवली. मोहीम पूर्ण यशस्वी. १९ डिसेंबरला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, तो चौथा टप्पा फुटला. तीनशेहून अधिक तुकडे नोंदवले गेले.

पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातही भेटताच पेटणारी दोन द्रवं असतात, मोनोमिथाइल हायड्रॅझिन आणि नायट्रोजनची मिश्र ऑक्साइडं. त्यांची टायटॅनियमची टाकीही मधल्या सामायिक भिंतीने विभागलेली. डेल्टाचं प्रकरण वाचून इथे आलेल्या वाचकाला पुढचं सांगावं लागणार नाही. डेल्टाचा उपाय प्रसिद्ध होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, आणि अवकाश कचऱ्यावर काम करणाऱ्या देशांच्या आंतरसंस्था समितीत भारत १९९६ पासून होता. त्यामुळे हा स्फोट टाळता आला असता असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्या अवकाश कार्यक्रमाबद्दल ज्यांना प्रेम आहे त्यांनी तरी ते बोलायला हवं. मोहीम यशस्वी झाली असं आपण म्हणतो तेव्हा उपग्रह कक्षेत गेला इतकंच मोजतो. टप्प्याचं काय झालं ते मोजत नाही. तीनशे तुकडे त्या हिशेबात कुठेच येत नाहीत.

पण त्यानंतर जे झालं ते तितक्याच ठळकपणे लिहायला हवं. नऊ महिन्यांनी, १२ सप्टेंबर २००२ रोजी, पीएसएलव्ही-सी४ उडालं. पुढे कल्पना-१ या नावाने ओळखला गेलेला हवामान उपग्रह त्यावर होता. त्या उड्डाणापासून चौथा टप्पा काम झाल्यावर निर्धोक करण्याची, म्हणजे उरलेलं इंधन आणि दाब बाहेर सोडून देण्याची व्यवस्था इस्रोने बसवली. एका स्फोटानंतर पुढच्याच उड्डाणात! दरम्यान आपल्या संशोधकांनी अशा स्फोटांतल्या तुकड्यांच्या कक्षांवरून स्फोटाचं गणिती प्रारूप मांडण्याचं कामही केलं. तिरुवनंतपुरम आणि बेंगळुरूत त्यावर निष्ठेने लिहिलं गेलं आहे. पुढची मजल म्हणजे त्याच चौथ्या टप्प्याला कक्षेतली प्रयोगशाळा बनवणं. १ जानेवारी २०२४ ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८ चा टप्पा काम झाल्यावर ६५० किलोमीटरवरून ३५० किलोमीटरवर उतरवण्यात आला, रिकामा करण्यात आला, आणि २१ मार्चला तो प्रशांत महासागरावर जळून गेला. मागे एकही तुकडा उरला नाही. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेलं अवकाश सुरक्षेचं केंद्र आणि श्रीहरिकोटाचं एकाच वेळी अनेक वस्तूंचा माग ठेवणारं रडार, यांमुळे आता आपण केवळ दुसऱ्यांच्या नोंदींवर विसंबून नाही. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा इरादा इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. सी३ च्या तुकड्यांपासून इथपर्यंतची ही वाट मराठीत कुठे सलग सांगितलेली मला आढळली नाही, म्हणून या पुस्तकात तिला सर्वांत जास्त पानं दिली आहेत.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. तुकड्यांच्या कक्षा फार तर स्फोटाचा क्षण, जोर आणि प्रकार सांगतात. कुठली झडप गळत होती, कुठली भिंत दमली, हे ज्याने रॉकेट बांधलं तोच सांगू शकतो. दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या की तपास पुरा होतो, जसा डेल्टाचा आणि प्रोटॉनचा झाला. अलीकडे ते अवघड होत चाललं आहे. चीनच्या लाँग मार्च ६ए या रॉकेटचा वरचा टप्पा १२ नोव्हेंबर २०२२ रोजी फुटला आणि पाचशेहून अधिक तुकडे नोंदीत आले. ऑगस्ट २०२४ मध्ये याच रॉकेटने अठरा दूरसंचार उपग्रह सोडले आणि पुन्हा वरचा टप्पा फुटला, तोही साधारण आठशे किलोमीटर उंचीवर, जिथून तुकडे खाली यायला दशकं लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅटलास रॉकेटचा, २०१८ पासून फिरत असलेला सेंटॉर टप्पा फुटला. तुकड्यांनी आपली बाजू चोख मांडली आहे. फुल्या आलेखावर स्पष्ट उमटल्या आहेत. बांधणाऱ्यांनी आपल्या बाजूने बोलावं, सगळ्यांसमोर बोलावं, ही मागणी आज सर्वांत निकडीची आहे. आंतरसंस्था समितीची २००२ ची आणि संयुक्त राष्ट्रांची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं टप्पे रिकामे करायला सांगतात, पण ती न पाळणाऱ्याला जाब विचारण्याची सोय त्यांत नाही.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. पहिल्या भागात कक्षांचं गणित आहे. शाळेत शिकलेला केप्लरचा तिसरा नियम आठवत असेल तर ते जड जाणार नाही, आणि आठवत नसेल तर तिथेच तो पुन्हा मांडला आहे. दुसऱ्या भागात एकेका स्फोटाचा तपास आहे, तारखेच्या क्रमाने नव्हे तर पुराव्याच्या प्रकाराने. काही तपासांच्या शेवटी कारण दिलेलं नाही. निकोलस जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कक्षेतल्या सर्व स्फोटांची जी पहिली सूची प्रसिद्ध केली, तिच्यातही 'कारण अज्ञात' हा एक रकाना होता आणि आजच्या सूचीतही तो आहे. तो रकाना रिकामा दिसू नये म्हणून कुणी तर्काने भरलेला नाही, याचा मला आदर वाटतो, आणि मीही तीच शिस्त पाळली आहे.

वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक जवळ कागद-पेन्सिल ठेवून वाचावं. नोंदल्या गेलेल्या बहुतेक तुकड्यांच्या कक्षा अमेरिकी अवकाश दलाच्या सार्वजनिक सूचीत उपलब्ध आहेत. नाव नोंदवलं की जुने आकडेही मिळतात. प्रत्येक उड्डाणाला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूला, तुकड्यालाही, त्याच क्रमांकापुढे अक्षर जोडलेलं असतं. पीएसएलव्ही-सी३ चा क्रमांक २००१-०४९. त्याखालचे २००२ च्या सुरुवातीचे आकडे काढावेत, प्रत्येक तुकड्याची फेरीची वेळ आणि दोन उंच्या आलेखाच्या कागदावर मांडाव्यात. पाच-पंचवीस तुकडे मांडून होईपर्यंत फुली दिसू लागते. ती दिसल्यावर पहिलं प्रकरण उघडावं.